ओळख आपल्या रक्ताची

मराठीत नात्यांबद्दल बोलायचं तर रक्ताशिवाय पान हलत नाही. ‘रक्ताचं नातं’ आपण सगळ्यात जवळचं मानतो, मुलांसाठी आई-वडील ‘रक्ताचं पाणी’ करतात, आणि कुणाच्या अंगात गाणं असेल तर ते ‘रक्तातच आहे’ म्हणतो. पण हे रक्त नेमकं कशाचं बनलेलं असतं, ते शरीरात कुठे तयार होतं आणि किती दिवस टिकतं, असं विचारलं तर आपल्यापैकी बरेच जण दहावीच्या पुस्तकापाशी अडखळतात. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण या विषयावर थोडं वाचलं आणि वाटलं, हे आपल्या मासिकाच्या तरुण वाचकांपर्यंत पोचायला हवं. कारण यातल्या काही गोष्टी माहीत असणं हा परीक्षेतल्या मार्कांचा नाही, घरातल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

सुरुवात आपल्या शेजारच्याच एका घटनेपासून करू या. मे २०२४ मध्ये इंदूरच्या एका रुग्णालयात एक तरुण स्त्री अत्यवस्थ होती. आधी दुसऱ्या एका रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि तिथे तिला चुकून ‘ओ पॉझिटिव्ह’ रक्त दिलं गेलं होतं. त्यामुळे प्रकृती सुधारण्याऐवजी बिघडली. तिला हवं असलेलं रक्त सहजासहजी मिळेना. तेव्हा शिर्डीहून एक गृहस्थ मित्राच्या गाडीने सुमारे ४४० किलोमीटरचा प्रवास करून इंदूरला आले आणि रक्त देऊन गेले. तिची प्रकृती हळूहळू सुधारली. ही बातमी तेव्हा वर्तमानपत्रांतून आली होती.

लाखोंच्या वस्तीचं इंदूर शहर, गल्लोगल्ली रक्तदान शिबिरं घेणारं. मग एका रुग्णासाठी थेट शिर्डीहून माणूस का यावा लागला? ‘ओ’ रक्त तर कुणालाही चालतं असं आपण ऐकत आलो आहोत, मग ते तिला का चाललं नाही? याचं उत्तर मिळवायचं तर आधी रक्ताची नीट ओळख करून घ्यावी लागेल.

रक्तात असतं तरी काय?

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं, म्हणजे वजनाच्या सात-आठ टक्के. हे रक्त गोठू नये असं औषध घातलेल्या नळीत घेऊन यंत्रात गरगर फिरवलं की त्याचे तीन थर होतात. वर फिकट पिवळसर पाण्यासारखा थर, तळाशी गडद लाल थर, आणि दोघांच्या मध्ये एक पांढुरका, अगदी पातळ पापुद्रा.

वरचा पिवळसर थर म्हणजे प्लाझ्मा, मराठीत रक्तद्रव. रक्ताचा निम्म्याहून थोडा जास्त, सुमारे ५५ टक्के भाग हाच असतो. त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. उरलेल्यात प्रथिनं, क्षार, साखर, संप्रेरकं, आणि शरीराबाहेर टाकायचा कचरा. प्रथिनांमध्ये अल्ब्युमिन हे पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं, ग्लोब्युलिनमध्ये रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं असतात आणि फायब्रिनोजेन जखमेवर जाळं विणायला लागतं. थोडक्यात, प्लाझ्मा म्हणजे नदी. बाकी सगळी वाहतूक तिच्यातून चालते.

तळाचा लाल थर तांबड्या पेशींचा. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान जागेत, त्या साधारण ४५ ते ५५ लाख असतात. आकार दोन्ही बाजूंनी मध्यभागी दाबलेल्या चकतीसारखा, आपल्या मेदूवड्याला भोक पाडायचं अर्धवट राहिलं तर दिसेल तसा. एका पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू ठासून भरलेले असतात. प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू, आणि त्या प्रत्येकाला प्राणवायूचा एक रेणू चिकटतो. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा, एवढंच काम. त्यासाठी जास्तीत जास्त जागा हवी म्हणून या पेशीने आपलं केंद्रकसुद्धा बाहेर टाकून दिलेलं असतं. केंद्रक नाही म्हणजे दुरुस्तीची सोय नाही. त्यामुळे तिचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचंच.

मधल्या पांढुरक्या पापुद्र्यात दोन प्रकारचे रहिवासी असतात. एक, पांढऱ्या पेशी. त्या संख्येने फार कमी, एका घन मिलिमीटरमध्ये ४ ते ११ हजार. पण शरीराचं संरक्षण त्यांच्याकडे. त्यांचे पाच मुख्य प्रकार आहेत. सर्वांत जास्त असतात न्यूट्रोफिल. जखमेत जंतू शिरले की सर्वांत आधी तिथे धावणाऱ्या याच. त्यानंतर लिम्फोसाइट. त्या प्रतिद्रव्यं तयार करतात आणि एकदा भेटलेला शत्रू वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. लस काम करते ती त्यांच्या या स्मरणशक्तीमुळे. मोनोसाइट रक्तातून बाहेर पडून मोठ्या भक्षक पेशी बनतात आणि सफाई करतात. इओसिनोफिल कृमी आणि अॅलर्जीच्या वेळी वाढतात, आणि बेसोफिल तर शंभरात एखादीच.

दुसरे रहिवासी म्हणजे प्लेटलेट, मराठीत रक्तपट्टिका. एका घन मिलिमीटरमध्ये दीड ते साडेचार लाख. खरं तर या पूर्ण पेशी नाहीतच, एका राक्षसी पेशीचे सुटे झालेले तुकडे आहेत. रक्तवाहिनीला चीर पडली की त्या तिथे जाऊन चिकटतात आणि बूच बसवतात. त्यावर फायब्रिनचं जाळं विणलं जातं आणि रक्त थांबतं. त्यांचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं.

इथे एक गोष्ट मनात ठेवू या. तांबडी पेशी चार महिने जगते, प्लेटलेट आठवडाभर, न्यूट्रोफिल तर रक्तात काही तास ते एखाद-दोन दिवस. म्हणजे गेल्या दिवाळीला आपल्या अंगात वाहणारं रक्त आणि आजचं रक्त यांतल्या जवळजवळ सगळ्या पेशी बदलून गेल्या आहेत.

कारखाना हाडांच्या आत

इतक्या भराभर मरणाऱ्या पेशींची जागा कोण भरतं? आपल्या हाडांच्या आत एक मऊ, लालसर गर असतो. तीच अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो. शरीराचा रक्ताचा कारखाना तिथे आहे.

हा कारखाना सुरुवातीपासून तिथे नसतो. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असताना पहिल्या रक्तपेशी गर्भाला जोडलेल्या एका छोट्या पिशवीत तयार होतात. दुसऱ्या महिन्यानंतर हे काम यकृत हाती घेतं, थोडी मदत पांथरी करते. साधारण पाचव्या महिन्यापासून काम हाडांकडे सरकू लागतं आणि जन्माच्या वेळी बाळाच्या जवळपास सगळ्या हाडांत रक्त बनत असतं. आपण मोठे होतो तसा हातापायांच्या लांब हाडांतला बराचसा लाल गर पिवळ्या चरबीने भरतो. मोठेपणी कारखाना उरतो तो कमरेची हाडं, छातीचं मधलं हाड, बरगड्या, मणके, कवटी आणि मांडी-दंडाच्या हाडांची वरची टोकं इथे. म्हणूनच बोन मॅरोची तपासणी करताना डॉक्टर बहुतेक वेळा कमरेच्या हाडातून नमुना घेतात.

या गरात मोजक्या संख्येने मूळपेशी असतात. त्यांनाच स्टेम सेल म्हणतात. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा मूळ कोड. त्याची प्रत काढून ठेवता येते आणि त्याच्यापासून वेगवेगळ्या आवृत्त्याही बनवता येतात. मूळपेशी विभागली की तिची काही लेकरं मूळपेशीच राहतात, म्हणजे कारखाना कधी रिकामा होत नाही. बाकीची दोन वाटांनी जातात. एका वाटेने लिम्फोसाइट बनतात. दुसऱ्या वाटेने तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि उरलेल्या सगळ्या पांढऱ्या पेशी.

तांबड्या पेशीचा प्रवास पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला ती मोठी असते, मध्यभागी ठळक केंद्रक. प्रत्येक विभागणीबरोबर ती लहान होत जाते आणि आत हिमोग्लोबिन साठत जातं. शेवटी ती केंद्रक बाहेर फेकते. साधारण आठवडाभराच्या या प्रवासानंतर ती रक्तात उतरते, आणि एक-दोन दिवसांत पूर्ण तयार होते. असं दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशींच्या बाबतीत घडत असतं. हे वाक्य वाचेपर्यंत कोट-दीड कोट पेशी नव्या झाल्या असतील.

किती पेशी बनवायच्या हे ठरवतं मूत्रपिंड. रक्तातला प्राणवायू कमी पडतोय असं जाणवलं की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि अस्थिमज्जेला निरोप जातो, उत्पादन वाढवा. म्हणूनच ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत त्यांचं हिमोग्लोबिनही घसरतं. घरात कुणी डायलिसिसवर असेल तर त्यांना मिळणारी एक सुई बहुधा याच संप्रेरकाची असते.

कच्चा माल आणि जुन्याची मोड

कारखाना कितीही चांगला असला तरी माल नसेल तर काय उपयोग? हिमोग्लोबिनसाठी लोह लागतं, पेशी विभागण्यासाठी फॉलिक अॅसिड आणि बी-१२.

लोहाच्या बाबतीत शरीर आपल्या आजीइतकं काटकसरी आहे. म्हातारी झालेली तांबडी पेशी पांथरीत आणि यकृतात पकडली जाते. भक्षक पेशी तिची मोड करतात आणि आतलं लोह काढून परत अस्थिमज्जेकडे पाठवतात. रोज असं २० ते २५ मिलिग्रॅम लोह फिरून वापरात येतं. जेवणातून रोज आत घ्यायचं असतं ते फक्त एक ते दोन मिलिग्रॅम. पण मासिक पाळी, बाळंतपण किंवा जंतांमुळे रक्त जात राहिलं तर एवढाही हिशेब जुळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हे फक्त गरीब घरांचं दुखणं नाही. खात्या-पित्या घरातली, कॉलेजला जाणारी मुलगी ‘नुसती दमते’ म्हणते तेव्हा एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

स्वयंपाकघरात करण्यासारखं पुष्कळ आहे. पालेभाज्या, हरभरे, मसूर, तीळ, आळीव, खजूर यांत लोह असतं, पण वनस्पतीतलं लोह आतड्यात सहज शोषलं जात नाही. सोबत ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते जास्त शोषलं जातं. आपल्या माळव्याच्या पोह्यांवर लिंबू पिळायची पद्धत त्या दृष्टीने उत्तमच. उलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा लोहाला अडवतो. पोहे आणि चहा ही जोडी मोडणं आपल्याकडे अवघड आहे, पण निदान दुपारच्या जेवणानंतरचा कप तासभर पुढे ढकलता येईल. बी-१२ मात्र भाजीपाल्यात जवळजवळ नसतंच. ते दूध, दही, अंडी, मांस यांतून मिळतं. शुद्ध शाकाहारी आणि दूधही टाळणाऱ्यांनी त्याची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

शिर्डी ते इंदूर का?

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. १९०१ साली व्हिएन्नामध्ये कार्ल लँडस्टाइनर यांनी दाखवून दिलं की सगळ्या माणसांचं रक्त एकसारखं नसतं. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्यातल्या फरकांवरून रक्तगट ठरतो. या कामासाठी त्यांना १९३० साली नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस, १४ जून, आज जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

या साखळ्यांची रचना अशी कल्पावी. आधी एक पाया असतो, त्याला ‘एच’ म्हणतात. त्यावर एक प्रकारची साखर चढली तर ‘ए’ गट, दुसरी चढली तर ‘बी’, दोन्ही असतील तर ‘एबी’. काहीच चढलं नाही, नुसता पाया राहिला, तर ‘ओ’. ओ गटाच्या पेशींवर ए आणि बी नसल्याने त्या इतरांना चालतात, हे आपण ऐकलेलं असतं.

पण पायाच नसेल तर? १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेमकं असंच रक्त सापडलं. त्या पेशींवर ए नव्हतं, बी नव्हतं आणि एचही नव्हतं. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि जगभर हा गट ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं तेच राहिलं. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. युरोपात तो दहा लाखांत एखाद्याचा.

अशा माणसाच्या शरीराने ‘एच’ कधी पाहिलेलंच नसतं. त्यामुळे प्लाझ्मामध्ये ‘एच’विरुद्ध प्रतिद्रव्यं तयार असतात. त्याला ओ गटाचं रक्त दिलं, तर ज्या नुसत्या पायामुळे ते बाकीच्यांना चालतं त्याच पायावर ही प्रतिद्रव्यं तुटून पडतात. आत गेलेल्या पेशी फुटतात, मूत्रपिंडांवर ताण येतो, जीव धोक्यात येतो. अशा रुग्णाला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

मेख अशी की काचपट्टीवर थेंब टाकून केलेल्या नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ म्हणूनच दिसतं, कारण ए आणि बी दोन्ही नसतात. चूक पकडायची तर उलटी तपासणीही करावी लागते. रुग्णाचा प्लाझ्मा घ्यायचा आणि त्यात माहीत असलेल्या ए, बी आणि ओ गटाच्या पेशी मिसळून पाहायच्या. ओ पेशींच्याही गुठळ्या झाल्या की शंका घ्यायची. म्हणून रक्त चढवण्यापूर्वीची दोन्ही बाजूंची तपासणी आणि क्रॉसमॅच यांना कधीही फाटा देऊ नये, आणि नातेवाइकांनीही ‘लवकर करा’ म्हणून त्यासाठी घाई करू नये.

बॉम्बे गट आई आणि वडील दोघांकडून आलेल्या दुव्यांमुळे येतो. म्हणून असा रुग्ण सापडला की आधी त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करतात. ते जमलं नाही तर या गटाचे दाते एकमेकांचे संपर्क ठेवून असतात आणि वेळ आली की लांबून येतात. शिर्डीहून इंदूरला आलेले गृहस्थ असेच. कुळ, गोत्र, गाव काहीच एक नव्हतं. रक्ताचं नातं मात्र शब्दशः होतं.

धारची गोष्ट : एका अक्षराचा फरक

बॉम्बे गट दुर्मीळ. पण आपल्याच भागात रक्ताचा एक असा प्रश्न आहे जो मुळीच दुर्मीळ नाही, तो म्हणजे सिकल सेल.

हिमोग्लोबिनमध्ये प्रथिनांच्या चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीला १४६ कड्या. त्यातली सहावी कडी बदलली, म्हणजे जनुकात फक्त एक अक्षर बदललं, तर हिमोग्लोबिन प्राणवायू सोडताना एकमेकांना चिकटून दांडकी बनवतं. गोल चकती वाकून कोयत्याच्या आकाराची होते. ती अरुंद रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना होतात. अशी पेशी १२० दिवस नाही, जेमतेम १० ते २० दिवस जगते. कारखाना रात्रंदिवस चालला तरी भरपाई होत नाही. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना एका चुकलेल्या अक्षराने अख्खी यंत्रणा कोसळते याचा अनुभव असतो, पण तिथे ते अक्षर दुरुस्त करून मोकळं होता येतं. इथे ते प्रत्येक पेशीत लिहिलेलं असतं.

भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९५२ मध्येच, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या आपल्या शेजारच्या आदिवासी भागांत आणि विदर्भातही तो आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झालं. आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट. १७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यातल्या भैंसोला गावी झालेल्या कार्यक्रमात एक कोटीवं सिकल सेल कार्ड दिलं गेलं.

या कार्डामागचं साधं गणित प्रत्येक तरुणाने समजून घ्यावं असं आहे. बदललेलं जनुक एकाच पालकाकडून आलं तर माणूस वाहक असतो. तो साधारणपणे निरोगी असतो, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘चारांपैकी एक’ याचा अर्थ पहिलं मूल आजारी झालं की पुढची तीन सुरक्षित, असा होत नाही. दर वेळी फासा नव्याने पडतो.

आणि हा ‘त्यांचा’ आजार, आपला नाही, असं समजू नये. विदर्भात तो आदिवासी नसलेल्या समाजांतही आढळतो. थॅलेसेमिया हा याचाच भाऊ. त्यात बीटा साखळी पुरेशी बनतच नाही आणि मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आयुष्यभर. देशात साधारण ३ ते ४ टक्के लोक त्याचे वाहक आहेत. एक जण सिकलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, अशी जोडी असली तरी मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. यावरचा कायमचा म्हणता येईल असा उपचार म्हणजे कारखानाच बदलणं, अर्थात बोन मॅरोचं प्रत्यारोपण. ते आता इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातही होतं. पण त्यासाठी जुळणारा दाता लागतो, आणि सख्ख्या भावंडाशीही जुळण्याची शक्यता चारात एक.

पवारांच्या काळापासून धार-देवासमध्ये स्थायिक झालेली आपली घराणी. इथे मराठी घरं मोजकी, सोयरिकी त्याच त्या घरांत फिरतात. पत्रिका आपण निगुतीने पाहतो, एकनाड तपासतो. त्याच बैठकीत हिमोग्लोबिनची एक तपासणी का विचारू नये? एचपीएलसी नावाची ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते. खरं तर लग्न ठरण्याच्या आधी, कॉलेजात असतानाच करून घ्यावी, म्हणजे कुणाचं मन दुखायचा प्रश्न येत नाही. आणि दोघंही वाहक निघाले तरी ते लग्न मोडायचंच असं नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची तपासणी करता येते. मात्र ते आधी माहीत असायला हवं.

एका पिशवीतून तिघे

रक्त आजवर कुठल्याही कारखान्यात बनवता आलेलं नाही. ते माणसाकडूनच माणसाला मिळतं. आणि दिलेलं रक्त आता अखंड क्वचितच वापरतात. वर सांगितलेल्या नळीप्रमाणेच पिशवीही फिरवतात आणि भाग वेगळे करतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांवर ४२ दिवसांपर्यंत टिकतात आणि बाळंतपण, अपघात, थॅलेसेमियाच्या रुग्णांना जातात. प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली गोठवला की वर्षभर राहतो, तो भाजलेल्यांना किंवा रक्त न गोठणाऱ्यांना देता येतो. प्लेटलेट मात्र फक्त पाच दिवस, तेही सतत हलत ठेवून. कर्करोगाच्या औषधांनी ज्यांची अस्थिमज्जा काही काळ थंडावते त्यांना त्या लागतात. एक पिशवी, तीन रुग्ण.

डेंगीच्या दिवसांत प्लेटलेटसाठी धावपळ होते. पण आकडा घसरला की लगेच चढवाव्या लागतात असं नाही. रक्तस्राव होत नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्यावर डॉक्टर त्याचा विचार करतात. बहुतेकांच्या बाबतीत अस्थिमज्जा स्वतःच आठवडाभरात भरपाई करते. तेव्हा अमुक पानाचा रस शोधत फिरण्यापेक्षा पाणी भरपूर पाजावं आणि निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

हे पाच आणि बेचाळीस दिवसांचे आकडे एकच गोष्ट सांगतात. वर्षातून एकदा मोठं शिबिर घेऊन भागत नाही. एका दिवशी दोनशे पिशव्या जमल्या तर दीड महिन्यात त्यांतल्या तांबड्या पेशींची मुदत संपते. गरज रोजची आहे, म्हणून देणंही वर्षभर वाटून हवं. आणि ते शक्य आहे, कारण आपला कारखाना चालूच असतो. दिलेल्या रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, तांबड्या पेशी साधारण एक ते दोन महिन्यांत. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि तब्येत ठीक असेल तर पुरुष दर तीन महिन्यांनी आणि स्त्रिया दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकतात.

आपल्या मंडळासाठी

आमचं सोनकच्छ कालीसिंधच्या काठचं, इंदूर-भोपाळ रस्त्यावरचं छोटं गाव. मोठ्या आजारासाठी आम्ही देवासला, इंदूरला धावतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गावांचं असंच असेल. अशा वेळी मोबाइलवर ‘तातडीने रक्त हवे’ असा तारीख नसलेला संदेश फिरत राहतो. रुग्ण कधीच घरी गेलेला असतो आणि संदेश महिनाभर चालूच. म्हणून पुढे पाठवण्याआधी फोन करून खात्री करावी. आणि कुठल्या रक्तपेढीत काय शिल्लक आहे हे सरकारच्या ‘ई-रक्तकोष’ या संकेतस्थळावर आधी पाहावं.

आपल्या मंडळांना माझ्या चार सूचना आहेत. गणेशोत्सवात शिबिर घ्याच, पण पुढच्या तीन-तीन महिन्यांच्या तारखाही तिथेच ठरवा आणि दात्यांची चार गटांत वाटणी करा. दात्यांच्या संमतीने गावनिहाय रक्तगटांची यादी ठेवा आणि दर वर्षी ती ताजी करा. ज्या मुली हिमोग्लोबिन कमी म्हणून शिबिरातून परत जातात त्यांना नुसतं ‘पुढच्या वेळी या’ म्हणू नका, त्यांची तपासणी आणि उपचार होतील हे एखाद्या काकूंनी किंवा ताईंनी अंगावर घ्यावं. आणि वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर, जन्मवेळेच्या खाली, एक ओळ छापा : ‘सिकल सेल व थॅलेसेमिया तपासणी केली आहे का?’ उत्तर काय आलं ते फॉर्मवर लिहायला नको. तपासणी झाली आहे एवढंच पुरे, बाकी दोन्ही घरांनी आपसात बोलावं.

माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान वाचकांना शेवटी एवढंच सांगतो. या महिन्यात एकदा प्रयोगशाळेत जा. रक्तगट, हिमोग्लोबिन आणि एचपीएलसी, या तीन तपासण्या करा. कागद घरातल्या फाइलमध्ये ठेवा, फोटो मोबाइलमध्ये. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल आणि तब्येत ठीक असेल तर तिथून सरळ रक्तपेढीकडे वळा. दीड-दोन महिन्यांत तेवढं रक्त तुमची हाडं पुन्हा तयार करतील.